‘टेकऑफ’ म्हणायचं नाही हं!

माहीत आहे का? विमानतळाचा कंट्रोल टॉवर आणि पायलट यांच्या बोलण्यात ‘टेकऑफ’ या शब्दावर कडक रेशनिंग आहे! उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, बस, तेवढ्यापुरताच तो तोंडातून निघतो. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’.

एवढी काटकसर का? २७ मार्च १९७७. स्पेनचं तेनेरीफ बेट, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधून आवाज आला, “वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.” टॉवरला वाटलं, तयार होऊन उभे आहेत. विमान तर धावत सुटलं होतं! टॉवर म्हणाला, “ओके...” आणि पुढे ‘थांबा, मी सांगतो’. नेमकं तेव्हाच दुसरं, पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान ओरडून सांगत होतं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की रेडिओ नुसता किंचाळतो. केएलएमला ‘ओके’ तेवढं स्वच्छ ऐकू आलं. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

म्हणूनच आता नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही. रॉजर म्हणजे ‘ऐकलं’, ‘हो’ नव्हे! परवानगी रनवेच्या नंबरासकट परत म्हणून दाखवायची: “रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेकऑफ.”

“लाइन अप अँड वेट” म्हणजे पट्टीवर या आणि उभे राहा. अमेरिका मात्र २०१० पर्यंत “पोझिशन अँड होल्ड”वर अडून बसली होती.

साधा ‘नंबर वन’सुद्धा घोळ करू शकतो बरं का! २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं होतं, तुम्ही रांगेत नंबर वन, धावपट्टीच्या अलीकडच्या होल्डिंग पॉइंटपर्यंत या. ते थेट धावपट्टीवर गेलं, मागून जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं आणि त्याला धडकलं. त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले, पण तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. जपानने काही काळ ‘नंबर वन’ म्हणणंच थांबवलं.

आता मुंबई! तिथला ‘टू सेव्हन’ म्हणजे होकायंत्रावर साधारण २७० अंश, म्हणजे पश्चिम, नाक थेट अरबी समुद्राकडे. तीच पट्टी उलट बाजूने ‘झिरो नायनर’. हो, नायनर! रेडिओच्या खरखरीत नाइन आणि फाइव्ह एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ‘नायनर’ आणि ‘फाइफ’.

आणि चुंबकीय उत्तर सरकली की नंबरही बदलतो. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडची ०५/२३ पट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली. धावपट्टी जागच्या जागी, बारसं मात्र दुसऱ्यांदा!

जाता जाता: रेडिओवर इंडिगो म्हणजे ‘आयफ्लाय’, ब्रिटिश एअरवेज म्हणजे ‘स्पीडबर्ड’.