बैल गेला अन् झोपा केला

१९८४ च्या २-३ डिसेंबरची ती काळरात्र भोपाळ विसरू शकत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. कायद्याला जाग आली ती त्यानंतर. पर्यावरण संरक्षण कायदा झाला १९८६ साली. धोकादायक उद्योग आपल्या हातून घडलेल्या हानीस पूर्णतः जबाबदार, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सांगितले. परंतु भोपाळचा हिशेब १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांच्या तडजोडीत मिटविण्यात आला!

युरोपने कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत ही चूक टाळण्याचा यत्न केला आहे. तेथील कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. जोखीम जितकी मोठी तितके बंधन कडक, हे त्याचे सूत्र. नागरिकांच्या वर्तनाला गुण देऊन त्यांना अन्यायाने डावलणे निषिद्ध. उल्लंघनास साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक तेवढ्यापर्यंत दंड.

यंत्रबुद्धी म्हणजे विषवायू नव्हे, हे खरे. तिच्या हानीला वासही येत नाही. पण यंत्राने कर्ज वा नोकरी नाकारलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागावी? उत्तरदायी कोण, हाच भोपाळचाही प्रश्न होता. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली खरी. पण नुसत्या तत्त्वांना दंडाचे दात नसतात. भोपाळ ज्या देशात घडले, त्याने तरी अपघाताची वाट पाहू नये.