क्लबांचे बंड आणि महासंघाची सत्ता

क्रीडासंस्थांतील फूट ही वरवर पाहता खेळाची बाब वाटते. वस्तुतः ती सत्ता व उत्पन्न यांच्या वाटणीची बाब असते. दिनांक १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ मातब्बर फुटबॉल क्लबांनी ‘सुपर लीग’ ही स्वतंत्र स्पर्धा स्थापन करीत असल्याचे घोषित केले आणि अवघ्या तीन दिवसांत ती योजना कोसळली. या अपयशाची मीमांसा उद्बोधक आहे.

या १२ क्लबांपैकी सहा इंग्लंडचे आणि प्रत्येकी तीन स्पेन व इटली या देशांचे होते. नियोजित २० संघांपैकी १५ संस्थापकांचे स्थान कायम राहावयाचे होते. पात्रतेची अट उरलेल्या पाच जागांपुरतीच होती. योजनेचे मर्म या कायमपणात आहे. ‘चॅम्पियन्स लीग’मधील प्रवेश मुख्यतः राष्ट्रीय लीगमधील क्रमांकावर ठरतो. त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला की मोठ्या क्लबचेही उत्पन्न घटते. खेळाडूंचे वेतन मात्र कराराने बांधलेले असते. ही अनिश्चितता टाळावी आणि स्पर्धेच्या उत्पन्नाचा ताबा ‘यूएफा’ या युरोपीय महासंघाकडून आपल्याकडे घ्यावा, असा हा दुहेरी हेतू होता.

महासंघापाशी स्वतःचे खेळाडू नसतात. त्याची सत्ता ही मान्यता देण्याची वा नाकारण्याची सत्ता होय. बंडखोर क्लबांच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाकडून खेळू दिले जाणार नाही, हा इशारा त्याच सत्तेचा आविष्कार होता. तथापि निर्णायक ठरला तो प्रेक्षकांचा रोष. २० एप्रिल रोजी लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाबाहेर निदर्शने झाली आणि त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. जर्मनीत बहुसंख्य मते क्लबच्या सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. तेथील बायर्न म्यूनिक व बोरुसिया डॉर्टमुंड हे क्लब या बंडात सामील झालेच नाहीत.

याउलट १९९२ साली इंग्लंडच्या प्रथम श्रेणीतील क्लबांनी फुटबॉल लीगमधून फुटून स्थापिलेली ‘प्रीमियर लीग’ यशस्वी झाली. तिला राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचा पाठिंबा होता आणि खालच्या श्रेणीतील संघांस वर येण्याचा मार्गही तिने खुला ठेवला होता. उत्पन्न ताब्यात घेऊनही दार उघडे ठेवणारी फूट टिकली. दार बंद करू पाहणारी फूट नैतिक अधिष्ठानास मुकली.

परंतु यावरून महासंघाची बाजू निर्दोष ठरत नाही. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, पारदर्शक, वस्तुनिष्ठ व भेदभावरहित निकषांवाचून नव्या स्पर्धांना पूर्वसंमतीची अट लादणे हे स्पर्धाविषयक कायद्याच्या विरुद्ध होय. या निर्णयाने सुपर लीगला परवाना मिळाला नाही. महासंघाच्या मनमानीस मात्र मर्यादा पडली. जी संस्था स्वतः स्पर्धा भरवून उत्पन्न मिळवते, तिनेच प्रतिस्पर्धी स्पर्धेस संमती द्यावयाची, हा मूळचा अंतर्विरोध आहे. तो कायम आहे तोवर अशा बंडांचे कारणही कायम राहील.