घाणेरीचे रान आणि कुदळ

घाणेरी मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली, आणि बागांच्या कुंपणांतून रानात शिरली. आज हिमालयाच्या पायथ्यापासून निलगिरीपर्यंत कितीतरी वनांचा तळ तिने झाकून टाकला आहे. ती माजते तेथे गवताला वाव उरत नाही, आणि गवत सरले की चितळ-सांबरांचा चाराही सरतो. तेव्हा ती काढणे प्राप्तच आहे. ते कोणत्या अवजाराने करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी कामाचे यशापयश बव्हंशी त्यावरच ठरते.

सर्वांत प्रथम हाती येतो तो कोयता. त्याने झुडूप झटपट आडवे होते आणि रान मोकळे दिसू लागते. पण ते दिसण्यापुरतेच. घाणेरीचे खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या भागातून नवे धुमारे फुटतात. कोयत्याचा घाव नेहमी या जागेच्या वर बसतो. परिणामी तोडलेल्या एका खोडाच्या जागी पावसाळ्यानंतर फांद्यांचा झुबका उभा राहतो आणि जाळी पूर्वीपेक्षा दाट होते.

इंजिनावर चालणारा ब्रशकटर हेच काम अधिक वेगाने करतो, एवढाच काय तो फरक. गवतासाठी नायलॉनची दोरी आणि झुडपांसाठी दातेरी पाते लावलेले हे यंत्र आगरेषा साफ ठेवण्यास उत्तम होय. कारण तेथे दरवर्षी वाढणारे दरवर्षी कापावयाचेच असते. मात्र पात्याने उडवलेला खडा गोळीसारखा येतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यांना आवरण असावे आणि इतरांनी निदान १५ मीटर दूर राहावे. बुलडोझर मूळही उपटतो, पण त्याबरोबर जमीन उलथते, तीत पडून असलेल्या बियांना उजेड मिळतो, आणि सागा-सालाची कोवळी रोपे त्याच्या पट्ट्यांखाली चिरडली जातात. आग लावणे तर सर्वांत फसवे: वरचा भाग जळतो, बुंधा पुन्हा फुटतो.

दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून पाहिलेली व २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अवजाराच्या दृष्टीने अगदी साधी आहे. तिला कुदळ पुरते. जमिनीच्या पृष्ठाखाली ३ ते ५ सेंटिमीटरांवर, म्हणजे धुमारे फुटणाऱ्या भागाच्या खाली, मुख्य मूळ तोडावयाचे. मग सबंध झुडूप उचलून मुळे वर येतील असे उलटे ठेवावयाचे. मुळांना माती लागत नाही, ती वाळतात, आणि जमीनही फारशी उकरली जात नाही. झुडूप फळावर येण्यापूर्वी हे उरकले तर नवे बी पडत नाही.

येथेच काम संपले असे मानणे ही सर्रास होणारी चूक. पक्षी फळे खाऊन ज्या झाडांवर विसावतात त्यांच्याखाली, तसेच ओढ्यांच्या काठी, नवी रोपे येतच राहतात. ती पुढील काही वर्षे हाताने उपटावी लागतात आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत वाढवावे लागते. यंत्रखरेदीत सारा निधी घालवून पुढच्या वर्षीच्या मजुरीला पैसा न ठेवणारी योजना म्हणूनच निरर्थक ठरते.

उरतो वाळलेला काडीकचरा. तो उभ्या झाडांच्या बुंध्याशी रचू नये. वणवा लागल्यास ज्वाळा त्यावरून शेंड्यापर्यंत चढतात. कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरभागात घाणेरीच्या काठ्या उकळून, सोलून त्यांचे फर्निचर बनवतात. वादळात पडलेले जाड ओंडके साखळी करवतीने वाटेपुरते कापून बाजूस सारावेत. आतील रानात ते कुजू द्यावेत, कारण भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि कवके त्यांवरच जगतात.