पिकअप गाडी घेण्यापूर्वी : रोजची वाहतूक, ओढकाम आणि हप्त्याचा हिशेब



बाजारात गवळाऊ गोऱ्हा घ्यायला आपण जातो तेव्हा किती पाहतो! दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, दहा पावलं चालवून चाल पाहतो. तोच माणूस आठ-दहा लाखांची गाडी घ्यायला जातो तेव्हा रंग पाहतो आणि "हप्ता किती बसते जी?" एवढं विचारून सही करतो. गोऱ्हा फसला तर एक हंगाम जातो. गाडी फसली तर पाच वर्षे हप्ता मागे लागतो.

"साहेब, बंडी आता पुरत नाही, ट्रॅक्टर रोजच्या कामाला परवडत नाही. पिकअप घेऊ का? आणि तिच्यामागे ट्रॉली जोडता येईल का?" असे प्रश्न गावोगावच्या बैठकांत नेहमी येतात. त्यांचा विचार या पत्रकात करू.

आधी काम ठरवा, मग गाडी

गाडीचे नाव आधी ठरवू नका. वर्षभरात काय वाहायचे आहे ते कागदावर मांडा. आपल्या वर्धा जिल्ह्यातच कामाचे तीन-चार प्रकार पडतात.

हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडे कापूस आणि सोयाबीन. कापूस फुगीर असतो. डाला काठोकाठ भरला तरी वजन फार होत नाही, पण उंची वाढते. सोयाबीन याच्या उलट. डाला अर्धा दिसतो आणि वजन पूर्ण झालेले असते. आर्वी, आष्टी, कारंजा भागात संत्रा. त्याला हवा लागते, धक्का सोसत नाही, आणि नागपूरच्या कळमना बाजारापर्यंतची मजल असते. सेलू, पवनारकडे भाजीपाला आणि दूध, म्हणजे माल थोडा पण फेरी रोजची.

रोज पाच-सहाशे किलो माल जवळच्या बाजारात न्यायचा असेल तर छोटी गाडी पुरते. २००५ साली टाटांनी 'एस' ही गाडी आणली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, ती याच कामाची. पहिल्या एसचे इंजिन दोन सिलिंडरचे, ७०२ सीसीचे होते, आणि ती पाऊण टनाच्या आसपास वाहून नेण्यासाठी बनवली होती. नावात हत्ती असला तरी तिच्यावर दोन टन लादले की ती गाढवासारखी बसते.

सव्वा ते पावणेदोन टनांचे काम असेल तर मधल्या गटातल्या गाड्या पाहाव्यात. महिंद्राची बोलेरो पिकअप १.३ आणि १.७ टनांच्या प्रकारांत मिळत आली आहे. अशोक लेलँडची 'दोस्त' २०११ साली बाजारात आली. टाटांची 'योद्धा' २०१७ साली आली आणि २०२२ साली तिचा दोन टनांचा प्रकार निघाला. यांतली कोणती एक घ्या असे मी सांगणार नाही. जिचा मिस्त्री आणि सुटे भाग तुमच्या तालुक्याच्या गावी मिळतात, ती गाडी दोन गुणांनी पुढे समजावी. ऐन वेचणीत गाडी बंद पडली आणि भाग नागपूरहून यायला आठ दिवस लागले, तर कंपनीचे नाव कितीही मोठे असो, उपयोग काय?

वजनाचे दोन आकडे

गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीत, दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरल्यावरचे एकूण. एकूणातून रिकामे वजा करा, उरेल ती तिची पेलण्याची ताकद. समजा एकूण २,९९० किलो आणि रिकामे १,६९० किलो. उरले १,३०० किलो. पण त्यात सोबत बसलेले गडी, ताडपत्री, दोर आणि मागाहून बसवलेला लोखंडी सांगाडाही आला. सांगाडा दीडशे किलोचा असेल तर सोयाबीनची अडीच पोती तिथेच गेली. ६० किलोचे पोते धरले तर या गाडीत १९ पोती बसतात. तीस नव्हेत.

"गाडी ओढते ना, मग काय होते?" असे काही जण म्हणतात. इंजिन ओढते हे खरे. प्रश्न थांबण्याचा आहे. वजन दुप्पट झाले की ब्रेकवरचे काम दुप्पट होते, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. जास्तीच्या भाराने आधी पाटे बसतात, मग टायर तापतात, मग आख आणि चेसिस तडकते. शिवाय १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. एका दंडात पाच-सहा फेऱ्यांची कमाई जाते.

मागे ट्रॉली जोडावी का?

याचे उत्तर बंडीवरूनच नीट समजते. बंडीत माल भरताना आपण भार आखावर तोलतो. मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला पट्टा लागतो. पुढे जास्त झाला की बैलाच्या मानेवर ओझे येते. थोडासा भार जुवावर ठेवला तर बंडी सरळ चालते.

दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. तिच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग पुढच्या हुकावर येतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या चाकांना हा भार मानवतो, त्यांची पकड वाढते. त्याचे खालचे गिअरही सावकाश ओढण्यासाठीच केलेले असतात. पिकअपचे तसे नाही. तिचा हुक मागच्या आखाच्याही मागे पडतो. तिथे भार आला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते. उलट ट्रॉलीत माल मागे झाला, तर ती गाडीचे शेपूट वर उचलते आणि डावी-उजवीकडे झोलू लागते.

त्यातही आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. कारंजा भागातल्या एका शेतकऱ्याने पिकअपला गावातच हुक वेल्डिंग करून घेतला आणि मळणीयंत्र मागे जोडले. चढ आरामात चढला. उतारावर मळणीयंत्रानेच गाडीला ढकलायला सुरुवात केली. ब्रेक दाबला तसे मागचे धूड तिरपे झाले आणि गाडी आडवी होऊन नालीत गेली. माणूस वाचला. मला तो म्हणाला, "साहेब, मी तिला ओढत नव्हतो, तीच मले रेटत होती."

म्हणून ओढकामाबाबत एवढे लक्षात ठेवावे :

१) मळणीयंत्र, पाण्याचा टँकर, भरलेली ट्रॉली ही ट्रॅक्टरची कामे आहेत. वर्षातून चार-सहा दिवस लागणारे ओढकाम ट्रॅक्टर भाड्याने घेऊन करावे. त्यासाठी मोठी पिकअप घेऊ नये.

२) पिकअपमागे काही जोडायचेच असेल तर ती गाडी ओढकामासाठी मान्य आहे का, किती वजनापर्यंत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ट्रॉलीलाही वेगळी नोंदणी आणि विमा लागतो.

३) हुक चेसिसला कंपनीच्या पद्धतीने बोल्टने बसवलेला हवा. चेसिसवर वेल्डिंग केले की ती जागा ठिसूळ होते.

४) बंद पडलेली गाडी ओढून नेताना दोर पाच मीटरपेक्षा लांब नको. दोरापेक्षा लोखंडी दांडा बरा. चाल अगदी हळू ठेवावी.

पांदण आणि काळी माती

शोरूमसमोरचा रस्ता गुळगुळीत असतो. आपला माल निघतो पांदणीतून. बहुतेक पिकअपना मागच्या चाकांनी ओढ मिळते आणि पाटे भरलेल्या गाडीसाठी कडक असतात. त्यामुळे रिकामी गाडी चिखलात लवकर फसते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसते. पावसाळ्यात वावरात जाताना डाल्याच्या मागच्या भागात मातीने भरलेली चार-पाच पोती ठेवावी. फसलीच तर चाक गरगर फिरवू नये, खड्डा खोल होतो. चाकाखाली पऱ्हाट्या नाहीतर पोते द्यावे आणि सावकाश काढावी. चारही चाकांना ओढ असलेली गाडी महाग पडते आणि डिझेलही जास्त खाते. वावरापर्यंत बारमाही जाणे भागच असेल तरच तिचा विचार करावा.

कापूस उंच भरला की गाडीचा तोल वर जातो. वळणावर वेग कमी ठेवा, जाळी आणि दोर आवळून बांधा. कापसाच्या गाडीजवळ बिडी नको, हे वेगळे सांगायला नको.

रोज चालणारे इंजिन

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच नव्याने विकल्या जातात. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी गाळणी असते. गाडी भरधाव तापली की ही काजळी आपोआप जळते. पण रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद करायची, असे चालले तर गाळणी तुंबते आणि समोर दिवा लागतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका चालीने चालवावी. दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. ऑइल पुस्तकात लिहिलेलेच वापरावे. काही गाड्यांना डीईएफ नावाचे वेगळे द्रव लागते. ते डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नये.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यावर ट्रॅक्टरला मनाई आहे, पिकअप जाऊ शकते. पण वर्ध्याच्या उन्हाळ्यात, जुन्या टायरवर, भरल्या गाडीने तिथे वेग धरणे म्हणजे जिवाशी खेळ. टायरमधली हवा सकाळी, चाक थंड असताना, भाराप्रमाणे तपासावी.

हप्त्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा गाडी ९ लाख ५० हजारांची. २ लाख आपले, ७ लाख ५० हजार कर्ज, व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता सुमारे १६ हजार रुपये महिना बसतो. विम्याचे महिन्याला ३ हजार धरा. टायर, दुरुस्ती, पासिंग यांसाठी ३ हजार बाजूला ठेवा. एकूण २२ हजार महिना, म्हणजे २ लाख ६४ हजार वर्षाला. गाडी दारात उभी राहिली तरी हा खर्च चुकत नाही.

आता कमाई. समजा येता-जाता मिळून किलोमीटरला २० रुपये भाडे पडते. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरले तर डिझेलवर पावणेआठ रुपये जातात. हाती राहिले सुमारे १२ रुपये. २ लाख ६४ हजारांना १२ ने भागा. २२ हजार किलोमीटर आले. म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस रोज ६० किलोमीटर गाडी भाड्याने धावली तर खर्च निघतो. त्यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही.

आठ एकरवाल्याचा कापूस आणि सोयाबीन आठ-दहा फेऱ्यांत संपतो. तेवढ्यासाठी भाड्याची गाडी केव्हाही स्वस्त. रोजचे दूध किंवा भाजीपाला असेल, संत्र्याचे किंवा वायगाव हळदीचे चार शेतकरी मिळून वाहतूक ठरवत असतील, शेतकरी गटाचे काम बांधलेले असेल, तरच गाडी पोट भरते. तुमचे आकडे माझ्याहून वेगळे असतील. ते घालून हाच हिशेब घरी सर्वांसमोर मांडा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा कर्जग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता, हे विसरून चालणार नाही. शेतीचे कर्ज डोक्यावर असताना गाडीचा हप्ता दुसऱ्याच्या भरवशावर घेऊ नये.

कागद आणि माणसे

साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला वेगळे परमिट लागत नाही. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते.

आणि एक कळकळीची विनंती. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना डाल्यात उभे करून नेऊ नका. मालगाडीत माणसे नेणे कायद्याने गुन्हा आहे, हा एक भाग. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई तुमच्या वावरातून जाऊ शकते, हा दुसरा. पण खरी गोष्ट अशी की डाल्यात बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही, आणि एका वळणावर गावातली दहा घरे उघडी पडतात.

जुनी गाडी घेताना

जुनी गाडी हप्ता वाचवते, पण नीट पारखावी. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहा. चेसिसखाली वाकून बघा. जोडाचे डाग दिसले तर ती अति भाराखाली राबलेली समजा. चारही टायरची झीज सारखी आहे का पाहा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवून, ना-हरकत पत्र हातात घेऊनच पैसे द्या. आणि दहा-बारा पोती टाकून चढावर चालवून पाहा. गोऱ्ह्याची चाल पाहतो तशीच.

शेवटी, घेण्याआधी पाच प्रश्न स्वतःला विचारा. वर्षात किती माल, किती फेऱ्या? खरे वजन किती? रस्ता कसा? मिस्त्री किती दूर? आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर हप्ता कुठून? पाचव्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही तर यंदा भाड्याचीच गाडी बरी. एक हंगाम थांबल्याने कुणाचे बिघडत नाही.

आपले अनुभव आणि शंका कार्यक्रमाकडे पोस्टकार्डाने जरूर कळवा. पुढच्या भागात त्यांवर बोलू.