बारा तासांची धाव



ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभा, संप आणि वाटाघाटी यांत गेले, त्याने या व्यासपीठावरून धावण्याविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमच्या घरीही वाटले. त्याचे कारण सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी 'कॉम्रेड्स मॅरेथॉन' असे दोन शब्द आमच्या दृष्टीस पडले आणि ही आपल्याच मंडळींची एखादी चळवळ असावी अशा समजुतीने आम्ही तो मजकूर वाचावयास घेतला. चळवळ काही निघाली नाही. निघाली ती दक्षिण आफ्रिकेतील, नव्वद किलोमीटरांच्या आसपासची, एक धावण्याची शर्यत. परंतु ती सुरू करणारा विक क्लॅफम हा गृहस्थ रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर होता हे वाचले, आणि मग मात्र आम्ही ते पान उलटले नाही.

हा क्लॅफम पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत सैनिक म्हणून शेकडो मैल पायपीट करून आला होता. मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, माणसाच्या पायांनी व्हावे, असे त्याच्या मनात आले. माजी सैनिकांच्या संघटनेकडे त्याने परवानगी मागितली. ती पुन्हा पुन्हा नाकारली गेली. हा वेडेपणा आहे, असेच सर्वांचे मत होते. शेवटी १९२१ साली परवानगी मिळाली आणि खर्चासाठी एक पौंड! त्या वर्षी २४ मे रोजी ३४ जण धावले, १६ जण पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटे लागली. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो : बोरीबंदराहून रेल्वेने नेरळ ८६ किलोमीटरांच्या आसपास पडते. म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही सारी स्टेशने पायांखाली घालून नेरळ गाठावयाचे, आणि तेही वाटेत चढउतार घालून.

मात्र या 'कॉम्रेड' शब्दाला एक कुंपण होते, तेही सांगितले पाहिजे. अधिकृतपणे ही शर्यत गोऱ्या पुरुषांचीच होती. स्त्रिया आणि काळे लोक मधूनमधून धावले, पण त्यांची नोंद होत नसे. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू सारे अंतर धावून गेला, त्याच्या नावापुढे काही लागले नाही. दारे उघडली ती १९७५ साली. सोबत्यांच्या स्मारकाला सोबती कोण हे कळावयास चोपन्न वर्षे लागली, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. खेद मात्र वाटतो.

'हौशी खेळाडू' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा, असे आपण समजतो. पण इंग्लंडात हेन्ली येथील नौकांच्या शर्यतीच्या १८७९ सालच्या नियमांत कारागीर, मजूर यांना हौशी म्हणून स्थानच नव्हते. हाताने कष्ट करणाऱ्याचे शरीर आधीच कमावलेले, म्हणून तो सभ्य गृहस्थांच्या बरोबरीने नको! ते कलम १९३७ साली गेले. आमच्याकडे असे कलम कुणी लिहिले नाही, लिहिण्याची गरजही नव्हती. ज्याला सुट्टीच नाही तो हौस कशी करणार? मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि ती मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म आपल्या ठाण्यातलाच. आज पहाटे उपवनला किंवा येऊरच्या रस्त्याला रविवारी जी तरुण मंडळी धावताना दिसतात, त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

असो. आता शरीराकडे वळू.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब ती सारी 'अल्ट्रा'. हा फरक नुसत्या आकड्याचा नव्हे. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो तो साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार उष्मांकांचा. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास अदमासे साठ उष्मांक लागतात. हिशेब करून पाहा : तीस-बत्तीस किलोमीटरांत कोठार रिकामे! तिथे पाय शिशाचे होतात. चरबी पुष्कळ असते, अगदी सडपातळ माणसातही शेकडो किलोमीटर पुरेल इतकी. परंतु चरबी म्हणजे ओले सरपण. ढीग मोठा, पण भपकन पेटत नाही. म्हणून लांब धावणाऱ्याने पहिल्यापासून सावकाश जावयाचे, म्हणजे साखर पुरवून पुरवून वापरली जाते, आणि वाटेत खात राहावयाचे. यातही अडचण आहे. आतडी तासाला सुमारे साठ ग्रॅम साखर शोषतात; सवय केली तर थोडी अधिक. शिवाय रक्त पायांकडे आणि कातडीकडे गेलेले असते, त्यामुळे पोट संपावर जाते. त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात, धमकी चालत नाही.

हे सारे आम्ही वाचले होते. तरी चुका केल्याच.

१५ ऑगस्टला दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला बारा तासांची धाव होते : पहाटे पाचला सुरू, संध्याकाळी पाचला बंद, मधल्या वेळात ठरलेल्या रस्त्यावर जमेल तितके अंतर तोडावयाचे. कल्याणहून पाचला तिथे उभे राहणे अवघड, म्हणून आदल्या रात्री परळच्या चाळीत एका जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम केला. त्यांच्या घरच्या वहिनींनी उकडलेले बटाटे, मीठ, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की बांधून दिली. आमचा धावण्याचा अनुभव तो केवढा? ज्या कारखान्यात आमची युनियन होती त्याला टाळे लागले. त्या दिवसांत झोप येईना म्हणून दुर्गाडीच्या बाजूला खाडीकडे चालावयास जाऊ लागलो, आणि चालता चालता धावू लागलो, इतकाच.

पाऊस होता. पहिले वीस किलोमीटर आम्ही मजेत तोडले, आणि तीच पहिली चूक. मागून आलेली एक मुलगी म्हणाली, "काका, आताच थोडं थोडं चाला, म्हणजे दुपारी रडायला नको." आम्ही हसलो. साडेअकराच्या सुमारास मॅरेथॉनचे अंतर पुरे झाले आणि त्याबरोबर आमचे हसूही संपले. दुसरी चूक पाण्याची. पाणी कमी पडू नये या धास्तीने तहान नसताना प्रत्येक टेबलावर दोन दोन ग्लास पीत गेलो. एकच्या सुमारास बोटातली अंगठी रुतू लागली, डोके जड झाले. शेजारून धावणारे एक डॉक्टर होते. त्यांनी हात पाहिला आणि पाणी बंद करावयास लावले. जास्त पाण्याने रक्तातले मीठ विरळ होते, मेंदूला सूज येऊ शकते, आणि त्यात माणूस दगावतोही. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ साली अशा लांब धावणाऱ्यांवरूनच हा धोका जगापुढे मांडला. तहान लागेल तेव्हा, लागेल तितकेच प्यावे, हा त्यातला साधा नियम. आमच्या आजीला तो ठाऊक होता.

दोन ते चार या वेळेविषयी काय सांगावे? ओल्या मोज्यांनी तळपाय सोलले होते. एका कडेला बसलो तो उठवेना. त्या वेळी मनात शर्यत नव्हती. गेटबाहेर मंडप टाकून बसलेली माणसे होती. तो लढा आम्ही हरलो. कुठे थांबावयाचे हे आम्हाला कळले नव्हते, असे त्यांच्यापैकी काहींचे अजूनही म्हणणे आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. तीच मुलगी पुन्हा फिरून आली. तिने चिक्कीचा तुकडा हातावर ठेवला, "उठा काका, फक्त पुढच्या खांबापर्यंत" म्हणाली. खांबापर्यंत गेलो. मग दुसऱ्या खांबापर्यंत. पाच वाजले तेव्हा ६४ किलोमीटर झाले होते.

तिकडे आफ्रिकेत मुदत संपण्याच्या क्षणी एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो, अशी प्रथा पडली. रेषेपासून चार पावलांवर कोण राहिला हे त्याला दिसू नये, म्हणून पाठ. दादरला तसे काही नाही. घड्याळ थांबते आणि माणसे जिथे असतील तिथे टाळ्या वाजवतात.

परतताना दादरच्या पुलाच्या पायऱ्या आम्ही कठडा धरून, आडवे होऊन उतरलो, कारण मांड्यांचे स्नायू उतारालाच जास्त दुखतात. गाडीत एका तरुणाने न सांगता जागा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथला एका फाटकासमोर सभा होती. तीस वर्षांत प्रथमच आम्ही स्टुलावर बसून भाषण केले.