सर 'लिहून घ्या' म्हणणार नाहीत, तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत मी भिलाईला घरी गेलो होतो. माझी ताई भिलाईच्याच आय.आय.टी.त दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला सहज म्हणालो, "तुमच्या लेक्चरमध्ये असं काय वेगळं असतं? वर्गात तर आम्हीपण रोज बसतो." तिने काही न बोलता लॅपटॉपवर एन.पी.टी.ई.एल.चं एक लेक्चर लावून दिलं. आय.आय.टी. आणि बंगळुरूच्या आय.आय.एस्सी.च्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथे कुणालाही फुकट पाहता येतात. विषय होता पोलाद. "थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. वर्गात बसल्यासारखं ऐक आणि नोट्स काढ," एवढीच अट.

लेक्चर संपलं तेव्हा माझी सहा पानं भरली होती. मी खूश! मग ताईने वही हातात घेऊन विचारलं, "रेल्वेच्या रुळात साध्या सळईपेक्षा जास्त कार्बन का ठेवतात?" उत्तर त्या सहा पानांत कुठेतरी होतं, हे मला नक्की माहीत होतं. पण सापडेना. आमच्या घरातल्या दोन पिढ्या पोलाद कारखान्यात काम करून जेवल्या, शिवाय भिलाईचा कारखाना रुळांसाठीच ओळखला जातो. आजोबा पेपरच्या मागून हसल्याचं मला ऐकू आलं.

मित्रांनो, शाळेत आपल्याला लिहून घ्यायची सवय असते. सर मुद्दा सांगतात, फळ्यावर लिहितात, महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणतात. त्यात काही चूक नाही, बोर्डाच्या पेपरला ते लागतंच. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना बारावीनंतर खडकवासल्याला जायचं आहे. एन.डी.ए.मध्ये नुसती ड्रिल नसते. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला जे.एन.यू.च्या पदवीचा अभ्यास जोडलेला असतो, म्हणजे लेक्चरं आलीच, आणि तीही पी.टी. करून दमल्यावर. जे तिथे जाणार नाहीत ते इंजिनिअरिंगला किंवा दुसऱ्या कॉलेजात जातील. कुठेही गेलो तरी पन्नास-साठ मिनिटं एक माणूस बोलत राहणार आणि 'लिहून घ्या' असं कुणी म्हणणार नाही.

माझं नेमकं काय चुकलं, हे शोधायला आम्ही घरीच एक प्रयोग केला. आजोबांनी पेपरमधली बातमी नेहमीच्या वेगाने एक मिनिट वाचली. मी जमेल तेवढं लिहिलं. मग शब्द मोजले. त्यांनी वाचले 104, मी लिहिले 19. म्हणजे पाचातला जेमतेम एक शब्द कागदावर येतो. आपण ठरवलं नाही, तर कोणता एक यायचा ते नशीब ठरवतं. मी सगळं लिहायला धावत होतो, त्यामुळे हात मागच्या वाक्यावर असायचा आणि कान पुढच्या वाक्यावर. डोकं दोन्हीकडे नव्हतं.

मराठीत ऐकून लिहिण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण साने गुरुजींचं असावं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी तिथे कैदेत होते, त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्यामुळे. मी ताईला हे सांगितलं आणि म्हणालो, "बघ, त्यांनी सगळं लिहिलंच ना!" ती म्हणाली, "त्यांना ते दुसऱ्यांपर्यंत पोचवायचं होतं. तुला फक्त स्वतःला समजावून घ्यायचं आहे. ही दोन वेगळी कामं आहेत." यावर मला उत्तर सुचलं नाही.

मग आजोबांनी ट्रंकेतून त्यांची जुनी खिशातली वही काढली. ते 1961 साली अमरावतीहून भिलाईला आले, वय वीस. कारखान्याचा करार 1955 मध्ये सोव्हिएत युनियनशी झाला होता आणि पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती. आजोबा आले तेव्हा रशियन तज्ज्ञ अजून शिकवत होते. ते रशियनमध्ये बोलायचे, दुभाषी इंग्रजीत किंवा हिंदीत सांगायचा आणि आजोबा मराठीत लिहायचे. मला वाटलं होतं, वही गच्च भरलेली असेल. पण एकेका पानावर सात-आठ ओळी, एखादी आकृती आणि बाजूला पुष्कळ प्रश्नचिन्हं.

"एवढंच?" मी विचारलं.

"अरे, रशियन बोलत असायचा तेव्हा मला काही कळायचं नाही, म्हणून त्याचे हात बघायचो. कोणती झडप दाखवतो, कुठे दोनदा बोट ठेवतो. मग दुभाषी बोलायचा तेव्हा काय महत्त्वाचं आहे ते आधीच कळलेलं असायचं. जे कळलं ते लिहायचं. नाही कळलं तिथे प्रश्नचिन्ह, आणि शिफ्ट सुटायच्या आत कुणाला तरी विचारायचं."

मला यातली प्रश्नचिन्हं फार आवडली. माझ्या सहा पानांत एकही नव्हतं. म्हणजे मला सगळं समजलं होतं असं नाही. काय समजलं नाही, हेच मला माहीत नव्हतं.

ताईची पद्धत अशी आहे. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंच जागा सोडून रेघ मारायची, खाली दोन इंचांची पट्टी ठेवायची. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं, तेही तुटक. संध्याकाळी डावीकडे प्रश्न लिहायचे आणि खालच्या पट्टीत दोन-तीन वाक्यांत सार. मग उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. ही पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांची. 1962 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पसरली. आपल्या वह्यांना डावीकडे लाल समास असतोच. इतकी वर्षं मी तो प्रश्नाचा क्रमांक टाकायला वापरला.

रुळाच्या मुद्द्यावर मी पाऊण पान लिहिलं होतं, त्यातली तीन वाक्यं अर्धवट. ताईच्या वहीत त्याच मुद्द्याच्या चार ओळी होत्या: "कार्बन वाढला की कठीण, पण ठिसूळ. सळई 0.2 टक्के. रूळ 0.7 च्या आसपास, चाकांनी झिजू नये म्हणून. झोतभट्टीतलं लोखंड 4, ठोकलं तर तुटतं." समासात प्रश्न: "मग रुळात 2 टक्के का नाही?" मला वाटतं, हा प्रश्न त्या चार ओळींपेक्षा मोलाचा आहे. कारण त्याचं उत्तर त्याच ओळींत आहे, आणि ते शोधताना सगळा मुद्दा पुन्हा डोक्यातून जातो.

संध्याकाळीच का, याला कारण आहे. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केले. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात वेगाने होतं, असं त्याला दिसलं. अर्थ असलेली गोष्ट जास्त टिकते, हे खरं. पण रविवारपर्यंत वही न उघडणाऱ्याने त्यावर फार विसंबू नये. आपल्याला संध्याकाळचा प्रेप आहेच, त्यातली पहिली दहा मिनिटं पुरतात.

आणखी एक गोष्ट मला सुट्टीनंतर फील्डक्राफ्टच्या तासाला सुचली. सेक्शन कमांडर ऑर्डर देतो तेव्हा आपण गोंधळत नाही, कारण क्रम ठरलेला असतो: आधी परिस्थिती, मग उद्दिष्ट, मग ते कसं गाठायचं, मग रसद आणि संपर्क. पुढे काय येणार हे कानाला आधीच माहीत असतं. लेक्चरला असा ठरलेला क्रम नसतो, पण आदल्या रात्री धड्याची शीर्षकं आणि आकृत्या पाहिल्या तर थोडाफार तयार होतो. शिवाय बोलणारा माणूस खुणा देतो. "याची तीन कारणं आहेत" म्हटलं की लगेच 1, 2, 3 लिहून जागा सोडायची. "पण" आणि "म्हणून" या शब्दांनंतर कान टवकारायचे. आणि नोट्स कोणत्या भाषेत काढायच्या यावर डोकं खपवू नये. माझ्या इंग्रजीत असतात, घाई झाली की मराठीत, आणि शंका का कोण जाणे नेहमी हिंदीत.

या सत्रात मी केमिस्ट्री आणि इतिहास या दोनच विषयांना हे करतो आहे. इतिहासाला पान दोन पानांवरून अर्ध्यावर आलं. केमिस्ट्रीला अजून जमत नाही, कारण समीकरण अर्धं लिहून चालत नाही. तिथे मी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतो आणि सर तोंडी जे सांगतात तेवढंच गाळून घेतो. जेवणानंतरच्या तासाला मात्र कोणतीच पद्धत चालत नाही. परवाच्या वहीत माझी एक ओळ बरोबर मधून खाली घसरत गेली आहे आणि तिच्या टोकाला शाईचा ठिपका आहे. त्याच्या शेजारी मी नंतर प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारच्या कॅडेटला विचारलं. तोही झोपला होता.