किल्ला गेला, घंटा राहिली

पालघर स्टेशनावर उतरून सातपाटीची एस. टी. धरली की वाटेत शिरगाव लागते. तेथे पोर्तुगीज अमदानी पाहिलेला एक किल्ला अजून दर्याकडे तोंड करून उभा आहे. पुढे खारा वारा आणि सुक्या मासळीचा वास नाकात शिरला की समजावे, सातपाटी आली! पापलेटच्या मासेमारीसाठी हे गाव सर्वांना ठाऊक आहे.

बंदरावर एक म्हातारे तांडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. मी म्हटले, "काय बाबा, दक्षिणेकडे कुठवर जाता?"

"कुठवर म्हणजे? दर्याला काय कुंपण आहे? त्या अंगाला अर्नाळा, त्याच्या पलीकडे उत्तन. तिथली माणसं आमच्यासारखीच कोळी. पण त्यांच्या होडीवर क्रूस असतो. कव मारायच्या जागेवरून आमचं त्यांचं वाजतं कधी कधी. पण कुणाची होडी अडकली तर आधी दोर टाकायचा, भांडण मागाहून!"

तांडेल हसले आणि पुन्हा जाळ्यात गढून गेले. माझ्या मनात मात्र एक कोडे शिरले. शिरगाव, केळवे, माहीम, तारापूर हा सारा किनारा एके काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तारापूरला तर डोमिनिकन पाद्र्यांचा मठ होता. मग इकडची घंटा थांबली आणि उत्तनची अजून कशी वाजते?

उत्तन, गोराई, मनोरी ही गावे धारावी बेटावर आहेत. (मुंबईच्या पोटातली धारावी ती निराळी!) एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला मनोरीची, पाठीशी खाजण आणि समोर अरबी समुद्र. आता भाईंदरहून तेथे पक्का रस्ता जातो. पण जुन्या काळी भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच येथे ये-जा करावी लागे.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पाठोपाठ पाद्री आले. फ्रान्सिस्कन संघाचे आंतोनियो दो पोर्तो यांनी वसई-साष्टीत चर्चे उभारली. पुढे जेझुइट आले. या कामात तलवारीची सावली नव्हती असे म्हणणे खोटेपणाचे होईल. देवळे पडली, मने दुखावली, गोव्यात 1560 साली इन्क्विझिशनही आले. त्या आठवणी कडू आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण बेटावरच्या एखाद्या पाद्र्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. तेथे तलवार काय कामाची? होड्या भरतीबरोबर निघायच्या, म्हणून त्याने अंधारातच उठायचे. पहाटेची मिस्सा लॅटिनमध्ये. भाविकांना शब्द कळत नसले तरी घंटेची वेळ कळे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा प्रार्थनेची घंटा व्हायची. घड्याळ नसलेल्या गावाचे तेच घड्याळ! दुपारी मुलांना जमवून धर्मशिक्षण द्यायचे, त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घ्यायच्या, सूर धरायला शिकवायचे. मधेच कुणी धावत येई, "पाद्रीबाबा, म्हातारीचं काही खरं नाही." की पवित्र तेलाची कुपी घेऊन चिखल तुडवीत निघायचे. बाप्तिस्मा, लग्न, मयत यांची नोंद वहीत करायची. आणि पावसाळ्यात दर्या खवळला, होड्या किनाऱ्याला लागल्या, म्हणजे त्या पागोळ्यांच्या आवाजात आपल्या माणसांची आठवण काढीत बसायचे.

या साऱ्यात अवघड काम भाषेचे. लोकांच्या बोलीत बोलल्याखेरीज लोकांचे होता येत नाही, हे त्यांतल्या शहाण्यांनी ओळखले होते. 1579 साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी तर मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापले गेले. परमुलखातून आलेल्या माणसाने आपल्या ओवीला मान दिला, ही गोष्ट मराठी माणसाने कौतुकाने सांगण्याजोगी आहे.

मग 1739 साल उजाडले. चिमाजी अप्पांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या. जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर पडले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. धारावीही घेतली. मे महिन्यात वसईने निशाण उतरवले. पोर्तुगीज सैन्य गेले, अधिकारी गेले, गोरे पाद्रीही गेले. मात्र शरणागतीच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिलेली होती. विजयाच्या भरात हे भान राखणे ही लहान गोष्ट नव्हे!

पण मोकळीक असून भागत नाही, माणूस लागतो. पाठीशी ना राजा, ना तोफा, ना खजिना. अशा वेळी साष्टी आणि आसपासच्या गावांची जबाबदारी गोव्याकडच्या एतद्देशीय पाद्र्यांनी उचलली. सावळ्या रंगाची, आपल्याच मातीतली ही माणसे. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे सहसा सापडत नाहीत. बंदर पडले तरी ओहोटी पाहून होडीत पाय टाकायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे आणि घंटा चुकू द्यायची नाही, एवढाच त्यांचा पराक्रम. त्याचे फळ काय, ते एका परक्याने लिहून ठेवले आहे. पारशांचा अवेस्ता युरोपला नेणारा फ्रेंच पंडित आंकेतिल द्युपेराँ 1760 साली साष्टीत आला. मराठ्यांचे राज्य, आणि ठाण्याच्या चर्चमध्ये सण थाटाने चाललेला, रस्ते ख्रिस्ती लोकांनी फुललेले!

तांडेलांनी मनात घातलेल्या कोड्याचे उत्तर मला येथे दिसते. माझा आपला कयास असा, की तारापूरकडचे चर्च मुख्यतः किल्ल्याचे आणि शिबंदीचे होते; किल्ला गेला, तशी घंटा गेली. उत्तन-गोराईचे चर्च कोळ्यांचे झाले होते, म्हणून ते राहिले.

आज उत्तनला समुद्रमातेच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत चालते. गोराईच्या चर्चचा सण 6 जानेवारीच्या सुमारास, तीन राजांच्या नावाने येतो. पावसाळा ओसरून होड्या पाण्यात लोटायची वेळ आली की फादर बंदरावर येऊन त्यांना आशीर्वाद देतात. त्याच सुमारास सातपाटीत नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला अर्पण होतो. वलांडीवर बोंबील इथेही वाळतात, तिथेही.

आणि आता या मातीतले पाद्री आपल्याला परके राहिलेले नाहीत. वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लोकांबरोबर लढा दिला आणि 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. 2024 साली ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत धर्माचा हिशेब कुणी केला नाही.

परतताना तांडेलांचा निरोप घेतला. म्हटले, "बाबा, उत्तनचे पाद्री तिथं का टिकले, ते कळलं मला."

त्यांनी सुईतला दोरा दातांनी तोडला. "त्यात काय कळायचं? पावसाळ्यात जो गाव सोडून जात नाही, तो गावचा!"